पटावरचे मूल आणि वर्गातले मूल



ग्रामीण शिक्षणाचा प्रश्न निघाला की चर्चा बहुधा शिक्षकांच्या रिकाम्या जागा, गळक्या वर्गखोल्या, पोषण आहार आणि घटती पटसंख्या यांच्याभोवती फिरते. हे प्रश्न खरेच आहेत आणि त्यांवर लढे व्हायलाच हवेत. परंतु त्याच शाळेच्या पटावर एखादे मूल असे असते की ज्याचा उल्लेख या चर्चेत कोठेही होत नाही. त्याचे नाव हजेरीपत्रकात असते, शासनाच्या माहिती-तक्त्यात त्याच्यासाठी स्वतंत्र रकानाही असतो. वर्गात मात्र ते क्वचित दिसते, आणि आलेच तर मागच्या ओळीत भिंतीला टेकून बसलेले असते. त्याला ऐकू कमी येते, किंवा फळ्यावरचे दिसत नाही, किंवा त्याचे पाय चालत नाहीत, किंवा इतर मुले वर्षभरात जे शिकतात त्याला त्याला तीन वर्षे लागतात. शाळेने त्याला दाखल करून घेतले आहे, पण शिकवायला घेतलेले नाही. दाखल होणे आणि शिकणे यांमधील हे अंतर हाच या विवेचनाचा विषय आहे.

मिरजगाव हे कर्जत तालुक्यातील, नगर-सोलापूर रस्त्यावरचे बाजारपेठेचे गाव. जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. सीना नदीच्या खोऱ्यातील या भागाचे अवर्षण मात्र जुनेच आहे. अशा गावांची लोकवस्ती गावठाणापुरती नसते. ती मळ्यांत, वाड्यांत आणि वस्त्यांवर विखुरलेली असते. महाराष्ट्राच्या शिक्षणहक्क नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असली पाहिजे. धडधाकट मुलाला एक किलोमीटर म्हणजे रमतगमत पंधरा-वीस मिनिटे. मेंदूच्या पक्षाघातामुळे ज्याचे पाय आखडले आहेत, त्याला तेच अंतर पावसाळ्यात, चिखलाच्या पाणंदीतून, आईच्या कडेवरच कापावे लागते. मूल सहा वर्षांचे असते तेव्हा आई त्याला उचलू शकते. दहाव्या वर्षी उचलू शकत नाही. अशा मुलाची शाळा तिसरी-चौथीच्या सुमारास सुटते, तिचे कारण पुष्कळदा त्याच्या बुद्धीत नसते, त्याच्या वजनात असते.

हा प्रश्न दयेचा की हक्काचा, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे अशी मागणी केली, आणि सरकारी महसूल रयतेच्या श्रमांतून येत असता शिक्षणावरील खर्च वरिष्ठ वर्गांच्या वाट्याला जातो, या विसंगतीवर बोट ठेवले. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये आणि कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीचे शिक्षण आणले. १९११ साली गोपाळ कृष्ण गोखले यांनी केंद्रीय कायदेमंडळात त्यासाठी विधेयक मांडले. या परंपरेचा अभिमान बाळगताना एक गोष्ट मात्र नजरेआड करता येत नाही. सक्तीच्या शिक्षणाच्या जुन्या कायद्यांत मुलाच्या गैरहजेरीची जी वाजवी कारणे मानली जात, त्यांत आजाराबरोबर शारीरिक दुर्बलता हेही एक असे. वरवर पाहता ही सवलत पालकांना दिलेली होती. वस्तुतः ती शासनाला मिळाली होती. ज्या मुलाला शिकवणे अवघड, त्याला शिकवण्याच्या जबाबदारीतून शासनसंस्था सहज मोकळी झाली.

मोकळी राहिलेली ही जागा परोपकाराने भरून काढली. मुंबईत १८८५ च्या सुमारास कर्णबधिरांसाठी आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभी अंधांसाठी शाळा निघाल्या. त्यांचे कार्य मोलाचे होते आणि आहे. परंतु या शाळा शहरांत होत्या, त्यांच्या जागा मोजक्या होत्या, आणि खेड्यातील मुलाला तेथे पोहोचायचे तर घर सोडावे लागे. शिवाय परोपकारावर चालणारी गोष्ट देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते. वर्गणी आटली की शाळा आटते. हक्काचे तसे नसते. निदान तसे नसायला हवे.

स्वातंत्र्यानंतर विचाराची दिशा बदलली. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने अपंग मुलांचे शिक्षण हे सर्वसाधारण शिक्षणव्यवस्थेचाच भाग असले पाहिजे, असे मत मांडले. कोल्हापूर जिल्ह्यातून आलेले शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक या आयोगाचे सदस्य-सचिव होते. १९७४ साली केंद्र सरकारने अपंग मुलांच्या एकात्म शिक्षणाची योजना सुरू केली. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने सात प्रकारच्या अपंगत्वांना मान्यता देऊन अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाची तरतूद केली. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला आणि २०१२ च्या दुरुस्तीने अपंग मुलांचा समावेश वंचित घटकांत झाला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले. त्यांत अध्ययन अक्षमता व स्वमग्नताही आली. शाळेची इमारत वापरण्यायोग्य करणे, मुलाच्या गरजेनुसार सोयी देणे, ज्याला अधिक आधार लागतो त्याच्यासाठी व त्याच्या सोबत्यासाठी वाहतुकीची व्यवस्था करणे, आणि दर पाच वर्षांनी शाळेतील मुलांची पाहणी करणे, ही कर्तव्ये या कायद्याने शासनावर व शाळांवर टाकली. कागदावर पाहिले तर आता मागण्यासारखे फारसे उरलेले नाही. मागायचे आहे ते सर्व अंमलबजावणीत आहे.

आता वस्तुस्थिती पाहावी. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यांतील ६९ टक्के ग्रामीण भागात होत्या. महाराष्ट्राचा आकडा सुमारे २९ लाख ६३ हजार होता. पाच ते एकोणीस वर्षे वयाच्या अपंग मुलांपैकी ६१ टक्के मुले त्या वेळी शिक्षणसंस्थेत जात होती. याचा अर्थ दर दहांतील चार मुले शाळेच्या बाहेर होती. ही मोजणीही पूर्ण मानता येत नाही. कारण गणकाने विचारल्यावर घरातील अपंग मुलाचे, त्यातही मुलीचे, नाव सांगायला कुटुंब कचरते. पुढे भावंडांची लग्ने जमायची असतात. दारिद्र्याबरोबर लाजेचाही एक पडदा असतो, आणि तो पडदा सरकारी तक्त्याने दूर होत नाही.

अपंगत्वाचे स्वरूपही बदलले आहे. एके काळी अपंग विद्यार्थी म्हटले की पोलिओने पाय गेलेला, कुबडी घेतलेला मुलगा डोळ्यांपुढे येई. जानेवारी २०११ नंतर देशात पोलिओचा नवा रुग्ण आढळला नाही आणि २७ मार्च २०१४ रोजी भारताचा हा विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. सार्वजनिक लसीकरणाने काय साधता येते, त्याचा हा मोठा पुरावा आहे. आज शाळेत दिसतात ती मुले वेगळ्या अडचणींची आहेत. प्रसूतीच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडलेले मूल, कान वारंवार फुटून ऐकू येईनासे झालेले मूल, वेळेवर चष्मा न मिळालेले मूल, फिट्स येणारे मूल, बौद्धिक वाढ मंद असलेले मूल. यांतील काही अडचणी टाळता येण्याजोग्या होत्या, काही लवकर ओळखल्या तर कमी करता येण्याजोग्या आहेत. यासाठीच फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. त्यात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांची एकदा तपासणी अपेक्षित आहे. तपासणी झाली, कागदावर ‘पुढे पाठवावे’ असा शेरा पडला. पण पुढे कोणी न्यायचे, कोणत्या गाडीने न्यायचे आणि त्या दिवसाची मजुरी कोणी द्यायची, हे त्या शेऱ्यात लिहिलेले नसते.

वर्गात अशा मुलाला लागते तरी काय? या प्रश्नाभोवती अकारण गूढ निर्माण केले गेले आहे. यंत्रे व तज्ज्ञ लागतात हे खरे, परंतु पहिल्या पायऱ्या साध्या आहेत. कमी ऐकू येणाऱ्या मुलाला पहिल्या ओळीत बसवावे आणि फळ्याकडे तोंड करून न बोलता त्याच्याकडे पाहून बोलावे. कमी दिसणाऱ्यासाठी फळ्यावर मोठे अक्षर काढावे व लिहिताना ते वाचून दाखवावे. आकडेमोड न उमजणाऱ्याच्या हाती चिंचोके, काड्या, मणी द्यावेत. ज्याला एकदम चार सूचना कळत नाहीत त्याला एकेक सूचना द्यावी. ज्याच्या बोटांत पेन्सिल धरण्याचे बळ नाही त्याचे उत्तर तोंडी घ्यावे. उताराचा मार्ग बांधायचा तर एक फूट उंचीला बारा फूट लांबी लागते, हे बांधकाम खात्याला ठाऊक असते. तरीही शाळाशाळांतून असे उतार दिसतात की ज्यांवरून चाकाची खुर्ची चढत नाही आणि उतरली तर थांबत नाही. योजनेचा खर्च पडला, छायाचित्र निघाले, मूल मात्र पायरीशीच राहिले. स्वच्छतागृहाची कथा याहून वेगळी नाही. ज्या मुलीला शाळेत जाऊन दिवसभर पाणी न पिता बसावे लागते, तिच्या हजेरीचा आकडा शासनाने अभिमानाने मिरवू नये.

येथे शिक्षकावर सगळे खापर फोडणे सोपे आहे, आणि ते अन्यायाचे आहे. दोन शिक्षकी शाळेत एका शिक्षकापुढे दोन-तीन इयत्ता एकाच वेळी बसतात. त्याच्यावर निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे, आहाराच्या नोंदी आणि ऑनलाइन माहिती भरण्याचे ओझे असते. दोन-चार दिवसांच्या प्रशिक्षणात त्याला एकवीस अपंगत्वांची नावे सांगितली जातात. ब्रेल, सांकेतिक भाषा किंवा मंदगती मुलाला वाचन शिकवण्याची रीत त्या अवधीत येणे शक्य नसते. मात्र दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे. शिक्षक संघटनांच्या मागणीपत्रकांत वेतन, निवृत्तिवेतन आणि बदल्या यांना जे स्थान असते, ते या मुलांना क्वचितच मिळते. शिक्षकाचे ओझे कमी करण्याची मागणी न्याय्य आहे. परंतु ते कमी झाल्यावर मोकळा होणारा वेळ कोणाला मिळणार, हेही विचारण्याचा अधिकार पालकांना आहे. श्रमिकांच्या चळवळीने दोघांच्या बाजूने उभे राहावे. शिक्षकाच्या बाजूने शासनापुढे उभे राहावे, आणि मुलाच्या बाजूने, गरज पडेल तेव्हा, शिक्षकापुढेही.

विशेष शिक्षकांचा प्रश्न याहून गंभीर आहे. सर्व शिक्षा अभियानाच्या काळापासून, आणि २०१८ नंतर समग्र शिक्षेच्या नावाखाली, गट साधन केंद्रांतून फिरते विशेष शिक्षक नेमले गेले. त्यांनी वर्षानुवर्षे कंत्राटावर, तुटपुंज्या मानधनावर, एकाच आठवड्यात अनेक गावे पालथी घालत काम केले. ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रजनीश कुमार पांडे प्रकरणात निर्णय दिला की प्राथमिक स्तरावर दर दहा विशेष गरजांच्या मुलांमागे एक आणि त्यावरील स्तरांवर दर पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली केंद्रस्तरावर ४,८६० विशेष शिक्षकांच्या पदांना मान्यता दिली. कायम पदे निर्माण होणे हे त्या कंत्राटी शिक्षकांच्या लढ्याचे यश आहे, हे निःसंकोच मान्य करावे. पण हिशेब कसा मांडला गेला तेही पाहावे. न्यायालयाने मुले मोजली. शासनाने केंद्रे मोजली. एका केंद्रात डझनभर शाळा येतात. त्यांतील प्रत्येक शाळेत गरज असलेली दोन-तीन मुले धरली तरी एका शिक्षकाकडे तीस-चाळीस मुले येतात, आणि एकेका मुलाच्या वाट्याला आठवड्यातून एखादा तास येतो. एवढ्या अवधीत मूल ओळखताही येत नाही, शिकवणे दूरच.

या सगळ्याचा खर्च अखेर कोण सोसते? तो घरातील स्त्री सोसते. अपंग मूल शाळेत पोहोचवायचे, दुपारी त्याला शौचाला नेण्यासाठी पुन्हा जायचे आणि संध्याकाळी घेऊन यायचे, तर आईचा खुरपणीचा रोज बुडतो. ती कामावर गेली तर थोरल्या बहिणीला घरी राहावे लागते, आणि एका मुलाच्या अपंगत्वापायी दोन मुले शाळेबाहेर पडतात. दुसऱ्या मुलाची नोंद अपंग म्हणून कोठेच होत नाही. समग्र शिक्षेत विशेष गरजा असलेल्या प्रत्येक मुलामागे वर्षाला ३,५०० रुपये आणि मुलींसाठी महिना २०० रुपये विद्यावेतन अशी तरतूद केलेली आहे. बुडालेल्या मजुरीशी या रकमेची तुलना करावी, म्हणजे शासनाने या मुलाची किंमत काय ठरवली आहे ते कळेल. तरीही ती रक्कम घरापर्यंत यावी लागते, आणि तिच्या वाटेत प्रमाणपत्र उभे असते.

निदान चाळीस टक्के अपंगत्वाचा दाखला असल्याशिवाय बहुतेक लाभांचे दरवाजे उघडत नाहीत. मिरजगावहून नगरचे जिल्ह्याचे ठिकाण सुमारे ५० किलोमीटर आहे. तपासणी मंडळ ज्या दिवशी बसते त्या दिवशी जायचे, एखादा तज्ज्ञ हजर नसेल तर पुन्हा जायचे, आणि ऑनलाइन अर्जात नावाची एक वेलांटी चुकली तर तिसऱ्यांदा जायचे. सुशिक्षित नोकरदाराला हा त्रास असतो. शेतमजुराला ती तीन दिवसांची उपासमार असते. म्हणून शिबिर तालुक्याला आले पाहिजे. मुलाने मंडळाकडे जाण्याऐवजी मंडळाने मुलाकडे यावे, ही मागणी अवास्तव नाही.

कर्जत, जामखेड, पाथर्डी या भागांतील काही मुलांवर याहूनही कठीण प्रसंग येतो. पावसाळा संपला की उचल घेतलेली कुटुंबे मुकादमाच्या टोळीबरोबर ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. त्या हिशेबात मुलाला जागा नसते. धडधाकट मूल फडावर हाताखाली उपयोगी पडते, निदान स्वतःचे स्वतः करते. अपंग मूल एक तर कोपीत दिवसभर एकटे राहते किंवा गावी म्हाताऱ्या आजीजवळ ठेवले जाते. स्थलांतरित मुलांसाठी हंगामी वसतिगृहे आणि शिक्षण हमी पत्रक अशा योजना राज्यात आल्या. परंतु ज्या मुलाला जेवू घालायला व स्वच्छ करायला माणूस लागतो, त्याला सामावून घेण्याचा विचार या योजना आखताना झालेला नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी शाळाच कुरणात नेली होती. मूल शाळेकडे येऊ शकत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हा धडा महाराष्ट्राने स्वतःच जगापुढे ठेवला आहे. कोपीपर्यंत तो अजून पोहोचलेला नाही.

याखेरीज एक वर्ग असा आहे की ज्याचे अपंगत्व डोळ्यांना दिसत नाही. मूल बोलायला चुणचुणीत असते, पण अक्षरे उलटसुलट वाचते, जोडाक्षराशी अडखळते, बेरजेत हातचा विसरते. गावातील शाळेत त्याला एका अक्षराची पदवी मिळते: ‘ढ’. ब्राह्मी लिपीपासून आजपर्यंत ज्याचे रूप जवळजवळ बदलले नाही ते अक्षर म्हणजे ढ, आणि म्हणून न बदलणाऱ्या मुलाला ढ म्हणतात, अशी एक उपपत्ती सांगितली जाते. बदलत नाही ते मूल की शिकवण्याची रीत, हा प्रश्न मात्र विचारला जात नाही. अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना महाराष्ट्रात १९९६ पासून परीक्षेत सवलती मिळू लागल्या. त्यासाठी लागणारे दाखले मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या मोजक्या ठिकाणी मिळत. साहजिकच या सवलतींचा लाभ प्रथम शहरी, इंग्रजी माध्यमाच्या आणि जाणकार पालकांच्या मुलांना झाला. त्या मुलांची अडचण खरी होती, त्यांना सवलत मिळाली हे योग्यच झाले. परंतु तीच अडचण असलेला मिरजगावचा मुलगा नापासाचा किंवा आळशीपणाचा शिक्का घेऊन गुरांमागे गेला. २०१५ साली मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने मराठीसह भारतीय भाषांतील चाचणी तयार केली, तेव्हा मराठीत साधन नाही ही सबबही उरली नाही. फुले यांनी १८८२ साली मांडलेली तक्रार येथे नव्या रूपात उभी राहते. सवलत सर्वांच्या नावाने मंजूर होते आणि ज्याला दार माहीत आहे त्याच्या घरी जाते.

सर्वच अपंग मुलांना सर्वसामान्य शाळेत घालावे का, या प्रश्नावर प्रामाणिक मतभेद आहेत आणि घोषणेने ते मिटणार नाहीत. इटलीने १९७७ च्या कायद्याने वेगळे वर्ग मोडीत काढले. पण त्याच कायद्याने अपंग मूल असलेल्या वर्गाची संख्या वीसपर्यंत मर्यादित केली आणि आधार-शिक्षक दिला. १९९४ च्या सालामांका परिषदेत ९२ देशांच्या शासनांनी समावेशक शाळेचे तत्त्व स्वीकारले. दुसरीकडे, जन्मतः कर्णबधिर मुलाला भाषा लाभण्यासाठी सांकेतिक भाषा बोलणाऱ्यांचा सहवास लागतो. तो नसलेल्या वर्गात त्याला एकटे बसवणे म्हणजे समावेश नव्हे. ती गर्दीतली एकांतकोठडी होय. २०१६ च्या कायद्याने निवडीचा अधिकार मुलाला व पालकाला दिला आहे: जवळची शाळा किंवा विशेष शाळा. ही निवड खरी व्हायची तर दोन्ही शाळा चांगल्या असल्या पाहिजेत. शासनाच्या दृष्टीने समावेशनाचा एक मोह मोठा आहे. विशेष शाळेचे अनुदान वाचते, आणि सामान्य शाळेत एक नाव वाढवायला खर्च येत नाही. तीव्र अपंगत्वासाठी २०१२ च्या दुरुस्तीने दिलेला गृहशिक्षणाचा पर्यायही असाच वापरला जाऊ शकतो. मुलाचा अधिकार म्हणून दिलेला पर्याय शाळेची सुटका ठरू नये, यावर नजर ठेवावी लागेल.

याच संदर्भात लहान शाळांचा प्रश्न पाहिला पाहिजे. कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार २०२३ साली शासनाने पुढे आणला. मोठ्या शाळेत अधिक शिक्षक, प्रयोगशाळा, खेळाचे मैदान मिळेल, हा युक्तिवाद पोकळ नाही. पण गाडीत चढू न शकणाऱ्या मुलाच्या दृष्टीने वस्तीवरची शाळा बंद होणे म्हणजे शिक्षण बंद होणे. पट मोजताना त्याचे एक नाव मोजले जाते. शाळा गेल्यावर होणारे त्याचे नुकसान मोजले जात नाही. वस्तीशाळा वाचवण्याच्या लढ्यात म्हणूनच हे मूल शेवटच्या नव्हे, पहिल्या ओळीत असले पाहिजे.

मग कार्यकर्त्याने करावे काय? पहिले काम म्हणजे मोजणी. गावातील व वस्त्यांवरील प्रत्येक घरी जाऊन अठरा वर्षांखालील अपंग मुलांची यादी करावी. ती शाळेच्या हजेरीपत्रकाशी आणि मागील महिन्याच्या प्रत्यक्ष उपस्थितीशी ताडून पाहावी. हे काम स्त्री कार्यकर्त्यांनी केले तर मुलींची नावे बाहेर येतील. यादी गावात वाचून दाखवू नये; ती पालकांच्या संमतीने, त्यांचा मान राखून वापरावी. दुसरे काम ग्रामसभेत आहे. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचे ५ टक्के अपंगांसाठी खर्च करावेत असा राज्य शासनाचा आदेश आहे. ही रक्कम कोठे गेली ते विचारावे, आणि वर्षअखेर वस्तू वाटून मोकळे होण्याऐवजी ती वाहतूक, स्वच्छतागृह आणि मदतनीस यांवर खर्च व्हावी असा ठराव करून घ्यावा. वस्तीवरून शाळेत मुले ने-आण करणाऱ्या एका रिक्षाचा खर्च लहान ग्रामपंचायतीला कदाचित झेपणार नाही. मग तो कायद्याप्रमाणे शासनाकडे मागावा.

तिसरे काम शाळा व्यवस्थापन समितीत आहे. कायद्याप्रमाणे या समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असतात, आणि वंचित घटकांतील मुलांच्या पालकांना प्रमाणशीर जागा मिळाव्या लागतात. २०१२ पासून अपंग मुले त्या घटकांत मोडतात. तेव्हा अशा मुलाच्या आईला समितीत बसवणे ही कोणाची मेहेरबानी नाही. उताराची लांबी कोणत्याही अभियंत्यापेक्षा तिला अधिक अचूक सांगता येईल. चौथे काम तालुका पातळीवरचे आहे: विशेष शिक्षकांची पदे केंद्रांऐवजी मुलांच्या संख्येवर ठरावीत, दाखल्यांची शिबिरे तालुक्याला नियमित व्हावीत, आणि ऊसतोडीच्या हंगामात मागे राहणाऱ्या अपंग मुलांसाठी मदतनीसासह निवासाची सोय व्हावी. ही मागणी ऊसतोड कामगारांच्या मजुरीच्या कराराइतक्याच आग्रहाने मांडली गेली पाहिजे, कारण ती त्याच कामगाराच्या मुलाची आहे.

या कामातून मते मिळतील असा भरवसा कोणी देऊ शकत नाही. एका गावात अशी घरे दहा-वीस असतात, ती विखुरलेली असतात, आणि त्यांची जात वा पेठ एक नसते. मोर्चाला येण्याइतका मोकळा वेळ त्या घरातील आईला कधीच नसतो. म्हणूनच या प्रश्नावर दबावगट उभा राहिलेला नाही, आणि म्हणूनच तो समतेच्या राजकारणाची कसोटी पाहणारा आहे. ज्यांची संख्या मोठी त्यांच्यासाठी लढणे हे राजकारणाला स्वभावतः जमते. ज्यांची संख्या थोडी, आवाज क्षीण आणि उपयोग शून्य मानला गेलेला आहे, त्यांच्यासाठी नेटाने काम करण्यात समता या शब्दाचा अर्थ कळतो.

शासनाने १९९५ पासून या मुलांचे नाव दोनदा बदलले. अपंगाचे दिव्यांग झाले, एकात्म शिक्षणाचे समावेशक शिक्षण झाले. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभागही निघाला. शब्द बदलण्याने अपमान थोडा कमी होतो, तेवढे श्रेय द्यावे. परंतु जून महिन्यात शाळेची घंटा होईल तेव्हा प्रत्येक गावात एवढेच पाहायचे आहे की मागील वर्षी पटावर असलेली किती मुले या वर्षी वर्गात आहेत, आणि वर्गात असलेल्यांपैकी किती जणांना कोणी तरी शिकवत आहे. यादी हाती घेऊन त्या दिवशी शाळेच्या दाराशी उभे राहणे, एवढे काम कोणत्याही कार्यकर्त्याला कोणाच्याही परवानगीशिवाय करता येते.